फुफ्फुसातल्या गाठी वाढल्या, पण काउंटही वाढतोय

प्रश्न: माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, वजन ५८ किलो. त्याला एएमएल हा रक्ताचा कॅन्सर निघाला. सात दिवस सायटाराबिन आणि तीन दिवस डाउनोरुबिसिन अशी पहिली केमो झाली. बाराव्या दिवशी ताप सुरू झाला. अँटिबायोटिक बदलूनही पाच दिवसांत उतरला नाही, ऑक्सिजन लागला, म्हणून आयसीयूत हलवलं. फंगस असावं म्हणून अँफोटेरिसिन सुरू केलं, तीन दिवसांनी ते बंद करून व्होरिकोनाझोल दिलं. थुंकीच्या रिपोर्टात ‘कॅन्डिडा’ आहे, रक्ताच्या गॅलॅक्टोमॅनन टेस्टमध्ये १.८ आहे, आणि डॉक्टर म्हणतात ॲस्परजिलस. फंगसची औषधं सुरू झाल्यावर आठव्या दिवशी सीटी केला, तर उजव्या फुफ्फुसातल्या दोन्ही गाठी मोठ्या झाल्यात. पांढऱ्या पेशी मात्र ४०० वरून १,५०० वर आल्यात. नातेवाईक म्हणतात औषध लागू पडत नाही, मुंबईला हलवा. हे हॉस्पिटलमधूनच लागलं का? मेडिकलवाला त्याच नावाचं स्वस्त अँफोटेरिसिन देत होता, ते डॉक्टरांनी का नाकारलं? घरी माझी चार वर्षांची मुलगी आहे, तिला लागेल का? आणि आईने अंगारा, तुळशीची माळ आणि शक्तीचं चूर्ण पाठवलंय, ते देऊ का?
– एक वाचक, मिरज

उत्तर: ताई, आधी सीटीचं. बाकीचे प्रश्न दोन दिवस थांबले तरी चालतील, पण नातेवाइकांनी ॲम्ब्युलन्स ठरवायच्या आत एवढं तुमच्या कानावर असायला हवं.

ॲस्परजिलसच्या गाठी औषध नीट लागू पडत असतानासुद्धा पहिले सात ते दहा दिवस सीटीवर वाढलेल्या दिसू शकतात. ही बुरशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून आत शिरते, वाहिनी बुजवते, आणि पुढचा फुफ्फुसाचा तुकडा रक्ताअभावी मरतो. गाठीभोवतीचं जे धुरकट कडं रिपोर्टात ‘हेलो’ म्हणून लिहितात, ते आजूबाजूला झिरपलेलं रक्त. त्यात आता भावाच्या पांढऱ्या पेशी परत येताहेत. इतके दिवस तिथे लढायला कोणी नव्हतंच. आता पेशी त्या जागी गर्दी करतात, सूज वाढते, गाठ फुगते. काउंट सुधारतो त्याच आठवड्यात सीटी बिघडलेला दिसणं हे या आजारात नेहमीचं. म्हणून तब्येत खालावली नसेल तर दुसरा सीटी साधारण दोन आठवड्यांनी करतात. तुमच्याकडे आठव्याच दिवशी का केला, ते डॉक्टरांना विचारा. भाऊ खालावला म्हणून केला असेल तर त्या सीटीचा अर्थ वेगळा, नुसता ‘बघू या’ म्हणून केला असेल तर वेगळा.

गाठींच्या सेंटिमीटरपेक्षा त्यांची संख्या पाहा. दोनच्या दोन आहेत की चार झाल्या? काल ऑक्सिजन किती लिटर होता, आज किती आहे? ताप दिवसातून किती वेळा येतो? नाक, सायनस, त्वचा, डोकं अशी नवी जागा धरली का? ऑक्सिजन कमी लागतोय आणि गाठी दोनच आहेत, तर त्या मोठ्या दिसल्या तरी उपचार बदलायचं कारण सहसा नसतं. नव्या गाठी, वाढता ऑक्सिजन आणि पुन्हा चढलेला ताप एकत्र आले, तर मात्र औषध रक्तात पुरेसं पोचतंय का, की ही बुरशीच दुसरी आहे, हे दोन प्रश्न त्याच दिवशी विचारायचे.

काउंटचा हिशोबही नीट समजून घ्या. १,५०० हा एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा. बुरशीशी लढतात त्या न्यूट्रोफिल. सीबीसीच्या कागदावर त्यांची टक्केवारी असते. एकूण पेशींना तिने गुणून १०० ने भागायचं. ४०० पेशी आणि न्यूट्रोफिल ८ टक्के असतील तर फक्त ३२. १,५०० आणि ४० टक्के असतील तर ६००. १०० च्या खालची पातळी फार धोक्याची, ५०० च्या वर टिकली की जीव थोडा भांड्यात पडतो. हा एक आकडा रोज वहीत लिहा. बुरशीचं औषध बुरशीला थोपवून धरतं. ती साफ करायला या पेशी लागतात.

पण याच दिवसांत एक धोका असतो, तो कोणी सांगितला नसेल तर आम्ही सांगतो. पेशी परतल्या की गाठीच्या आतला मेलेला भाग सुटतो आणि सीटीवर चंद्रकोरीसारखी हवेची फट दिसते. हे बरं होण्याचंच लक्षण, पण गाठ मोठ्या रक्तवाहिनीला लागून असेल तर खोकल्यातून रक्त येऊ शकतं. थुंकीत रक्ताची एक रेघ दिसली तरी सिस्टरला त्याच क्षणी सांगा, सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. जास्त रक्त आलं, तर मदत येईपर्यंत त्याला उजव्या कुशीवर वळवा. गाठी उजवीकडे आहेत, ती बाजू खाली राहिली की रक्त चांगल्या फुफ्फुसात उतरत नाही. गाठी मोठ्या वाहिनीजवळ आहेत का आणि प्लेटलेट किती ठेवताय, हे आजच विचारून ठेवा.

आता मुंबईचं. ऑक्सिजनवरच्या, प्लेटलेट कमी असलेल्या आणि फुफ्फुसात अशा गाठी असलेल्या माणसाला सात-आठ तास ॲम्ब्युलन्समध्ये न्यायला ठोस कारण हवं. ‘सीटी वाढला’ हे तसं कारण नाही. सध्याच्या हॉस्पिटलात दुर्बिणीतून फुफ्फुसाचा नमुना घेण्याची सोय नाही, प्लेटलेट वेळेवर मिळत नाहीत, रक्त आलं तर वाहिनी बंद करणारा किंवा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर नाही, यातलं काही असेल तर हलवण्याचा विचार करा, तोही पुढच्या डॉक्टरशी बोलून आणि बेड पक्का करून. एरवी सीटीची सीडी (नुसता छापील रिपोर्ट नव्हे, सीडीच), सगळे काउंट आणि औषधांचा तक्ता घेऊन घरातल्या एकाने परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरं मत घ्यावं. माणसापेक्षा फाइल हलवणं सोपं.

रिपोर्टांचा गोंधळ ‘बुरशी’ या एका शब्दाने होतो. आयसीयूतल्या कॅन्सर रुग्णांत मुख्यतः तीन जातींशी गाठ पडते, आणि तिन्हींची नेमकी औषधं वेगळी.

कॅन्डिडा ही आपल्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर एरवीही राहते. अँटिबायोटिकने आतड्यातले जंतू मेले आणि केमोने आतडं सोललं की ती रक्तात उतरते, नाहीतर सेंट्रल लाइनवरून, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवरून, आत जाते. थुंकीत मात्र ती जवळजवळ नेहमी तोंडातूनच आलेली असते. तिच्यामुळे न्युमोनिया होणं अगदी क्वचित, त्यामुळे थुंकीतल्या कॅन्डिडासाठी औषध वाढवत नाहीत. तो शब्द रिपोर्टात लाल अक्षरांत छापलाय म्हणून घाबरू नका. हाच शब्द रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघतात त्या टेस्टमध्ये, आला असता तर गोष्ट वेगळी होती: कॅस्पोफंजिनच्या गटातलं औषध लगेच, सेंट्रल लाइन काढायची का यावर त्याच दिवशी निर्णय, रोज किंवा एक दिवसाआड पुन्हा कल्चर, पहिलं स्वच्छ कल्चर आल्यापासून निदान १४ दिवस औषध, आणि काउंट आल्यावर डोळ्याच्या डॉक्टरकडून पडद्याची तपासणी. उलट, रक्ताचं कल्चर स्वच्छ आलं म्हणजे कॅन्डिडा नाहीच, असंही धरता येत नाही. खोलवरच्या कॅन्डिडाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत ती कल्चरमध्ये सापडत नाही.

ॲस्परजिलस रक्ताच्या कल्चरमध्ये सहसा उगवतच नाही, म्हणून तिच्या भिंतीतला गॅलॅक्टोमॅनन हा घटक शोधतात. ०.५ च्या पुढे तो पॉझिटिव्ह धरतात, तुमच्याकडे १.८ आहे. न्यूट्रोफिल संपलेला रुग्ण, सीटीवर हेलोच्या गाठी आणि हा आकडा, तिन्ही जुळले की डॉक्टर ‘प्रॉबेबल’ म्हणजे बहुतांशी खात्रीचं निदान धरतात. शंभर टक्के खात्रीसाठी गाठीचा तुकडा काढावा लागतो, आणि प्लेटलेट कमी असताना ते धाडस सहसा कोणी करत नाही. ‘डॉक्टरांनाच नक्की माहीत नाही’ असं घरात कोणी म्हणालं तर एवढं सांगा.

तिसरी म्युकर, २०२१ मध्ये कोविडनंतर आपल्याकडे ‘काळी बुरशी’ म्हणून घरोघरी माहीत झालेली. तिच्यात गॅलॅक्टोमॅनन येत नाही आणि व्होरिकोनाझोल तिच्यावर चालतच नाही. एका बाजूचा गाल सुजणं, नाकात काळी खपली, टाळूवर काळा डाग, पापणी खाली उतरणं किंवा एकाचे दोन दिसणं, यातलं काहीही दिसलं तर तो तासांचा मामला आहे. भावाचं तोंड रोज मोबाइलच्या उजेडात बघत जा, टाळूसकट.

यावरून औषध का बदललं ते कळेल. नाव माहीत नसताना अँफोटेरिसिन दिलं, कारण ते या तिन्ही जातींवर चालतं. नाव कळलं तेव्हा व्होरिकोनाझोल आलं, कारण ॲस्परजिलसवर ते सरस आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत १२ आठवड्यांनी व्होरिकोनाझोल घेणाऱ्यांपैकी सुमारे ७१ टक्के, तर जुनं अँफोटेरिसिन घेणाऱ्यांपैकी सुमारे ५८ टक्के रुग्ण हयात होते. म्हणजे डॉक्टरांनी धरसोड केलेली नाही, नेम धरला.

मेडिकलवाल्याचं स्वस्त इंजेक्शन नाकारलं ते फारच बरं झालं. अँफोटेरिसिन बाजारात निरनिराळ्या रूपांत मिळतं आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. लायपोसोमल, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म कणांत बंद केलेल्या, रूपाचा डोस किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम. ५८ किलोला ३ च्या हिशोबाने १७४ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या ४ व्हायल (इंजेक्शनच्या बाटल्या), आणि ५ च्या हिशोबाने २९० मिलिग्रॅम, म्हणजे ६. जुन्या साध्या रूपाचा डोस किलोमागे ०.७ ते १ मिलिग्रॅम आणि १.५ च्या वर कधीच नाही. लायपोसोमलचा डोस लिहिलेला असताना व्हायल साधी भरली गेली तर औषध तिप्पट-पाचपट जातं आणि हृदय बंद पडू शकतं. अशा चुकांनी जगभर रुग्ण दगावलेले आहेत. शिवाय साध्या रूपाने थंडी वाजून हुडहुडी भरते आणि मूत्रपिंडाला मार बसतो. तिसरं एक लिपिड इमल्शन आपल्याकडे मिळतं, तेही लायपोसोमल नव्हे. पुन्हा कधी आणायची वेळ आली तर चिठ्ठीवरचा ‘लायपोसोमल’ हा शब्द खोक्यावर आहे का ते दुकानातच वाचा, बॅच नंबर असलेलं पक्कं बिल घ्या, आणि खोक्यावर २ ते ८ अंश लिहिलं असेल तर बर्फाच्या पॅकसह डब्यातून आणा. व्हायल थेट बर्फाला टेकवू नका. गोठलेलं औषध फेकूनच द्यावं लागतं. हे औषध सलाइनमध्ये फुटतं, ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यायचं, हे सिस्टरना माहीत असतंच, तुम्हालाही माहीत असू द्या.

व्होरिकोनाझोल चालू असताना मात्र तुमची खरी मदत होईल. ५८ किलोला पहिले दोन डोस साधारण ३५० मिलिग्रॅमचे, नंतर दर १२ तासांनी साधारण २३०. पण हे औषध प्रत्येकाच्या यकृतात वेगळ्या वेगाने जिरतं. सारख्याच डोसने एकाच्या रक्तात ते उरत नाही आणि दुसऱ्याच्या रक्तात साचतं. म्हणून साधारण पाचव्या दिवशी, पुढच्या डोसच्या अगदी आधी रक्त घेऊन पातळी तपासतात. १ ते ५.५ मधली चालते. बऱ्याच गावांत ही टेस्ट बाहेर पाठवतात आणि रिपोर्टाला दिवस लागतात, त्यामुळे नमुना गेला की नाही हे आजच विचारा. डोसनंतर अर्ध्या तासात डोळ्यांपुढे चकाकी किंवा रंग दिसले तर ते बहुधा तात्पुरतं. भिंतीवर मुंग्या चालताहेत, खोलीत कोणी उभं आहे, असं तो बोलू लागला तर पातळी चढलेली असू शकते. त्याला वेड्यात काढू नका, डॉक्टरांना सांगा.

दुसऱ्या औषधांशी या औषधाचं वाकडं फार. आपल्याकडे फुफ्फुसात गाठ दिसली की कोणीतरी टीबीचं नाव काढतंच. टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन रक्तातलं व्होरिकोनाझोल जवळजवळ शून्यावर आणतं. ही दोन एकत्र द्यायचीच नसतात. फिटसाठीच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिननेही पातळी पडते. उलट व्हेनेटोक्लॅक्ससारख्या कॅन्सरच्या गोळीची मात्रा खूप कमी करावी लागते. एएलएल या दुसऱ्या रक्ताच्या कॅन्सरचे रुग्ण हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: व्होरिकोनाझोलबरोबर व्हिंक्रिस्टिन गेलं तर नसांना आणि आतड्याला जबर इजा होते. मिरजेतला एमडी, केमोचा डॉक्टर आणि आयसीयूचा डॉक्टर वेगवेगळे असतील तर तिघांना दिसेल असा औषधांचा एकच कागद करा.

हॉस्पिटलमधून लागलं का? ॲस्परजिलसचे कण २-३ मायक्रॉनचे, हवेत सगळीकडे असतात. तुमच्या-आमच्या फुफ्फुसात रोज जातात आणि तिथल्या पेशी ते खाऊन टाकतात. भावाने ते भरतीच्या आधी घरी ओढले की वॉर्डात, हे आता बहुधा कोणालाच सांगता येणार नाही. एक गोष्ट मात्र जरूर विचारा: वॉर्डाजवळ पाडकाम, फरशीकाम किंवा फॉल्स सीलिंगची दुरुस्ती चालू आहे का? भिंत फोडल्यावर उडणाऱ्या धुळीत हे कण भरपूर असतात. चालू असेल तर भावाची खोली बदलून मागा, दारं-खिडक्या बंद ठेवायला सांगा, आणि सीटीला नेताना ऑक्सिजनच्या सोयीने बसत असेल तर एन-९५ मास्क लावा. आरोप न करता विचारलंत तर काम लवकर होतं.

मुलीला लागणार नाही. ॲस्परजिलस माणसाकडून माणसाला जात नाही, भावाच्या खोकल्यातूनही नाही. हातांवरून पसरते ती कॅन्डिडा ऑरिस, २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात प्रथम ओळखली गेलेली जात. ती बेडच्या कठड्यावर आठवडेच्या आठवडे टिकते, नेहमीच्या फ्लुकोनाझोलला सहसा दाद देत नाही आणि साध्या जंतुनाशकाने जातेच असं नाही. क्लोरीनचं द्रावण लागतं. शेजारच्या बेडला ती आहे असं कळलं तर हात धुतल्याशिवाय भावाला कोणी शिवू नये, डॉक्टरसुद्धा. सेंट्रल लाइनची टोपी उघडण्याआधी १५ सेकंद स्पिरिटने घासायची असते. घाईत ते राहून जातं. ‘सिस्टर, जरा पुसून घेता का’ म्हणायला संकोचू नका. पारदर्शक ड्रेसिंग सात दिवस चालतं, पण कडा सुटली किंवा आत ओल दिसली तर त्याच दिवशी बदलायचं.

आईचं मन मोडू नका, पण तिन्ही वस्तूंपैकी काहीही आयसीयूत नको. अंगारा ही बारीक धूळ. तुळस, फुलं, कुंडीची माती यांवर बुरशी असतेच. चूर्ण म्हणजे वाळवून दळलेली वनस्पती, तिच्यात बुरशीचे कण असू शकतात. अंगारा आईने घरी देवापुढे ठेवावा आणि तुम्ही कपाळाला लावून, हात-तोंड धुऊन आत जावं. जुलाबासाठी मिळणाऱ्या यीस्टच्या पुड्यांनाही नाही म्हणा. सॅकरोमायसीस ही जिवंत बुरशीच आहे. पुडी बेडजवळ फोडली तरी कण लाइनवर बसून रक्तात गेल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. तो तोंडाने खात असेल तर घरचं जेवण ताजं, वाफाळतं चालेल. वरून कच्ची कोथिंबीर, कच्चा मसाला, चटणीची पूड नको. मऊ ब्रशने दात, आणि मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा दिवसातून चार-सहा वेळा.

व्होरिकोनाझोल निदान ६ ते १२ आठवडे चालेल आणि पुढची केमो सुरू झाल्यावरही पाठराखण म्हणून राहील, खर्चाची तजवीज त्या बेताने करा. हॉस्पिटलच्या समाजसेवा अधिकाऱ्याला आजच भेटा. ते धर्मादाय असेल तर महाराष्ट्रात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. बुरशी आटोक्यात आली की केमो पुढे चालू शकते, थोडी लांबते इतकंच. घरी आल्यावर गोळ्या उपाशीपोटी, जेवणाच्या एक तास आधी किंवा एक तास नंतर. नळीतून देत असतील तर फीडही तसंच थांबवायचं. या गोळ्यांनी ऊन सोसत नाही, म्हणून मिरजेच्या उन्हात दुपारी बाहेर पडणं टाळायचं, पडावंच लागलं तर लांब बाह्या आणि टोपी. आणि तो यायच्या चार दिवस आधी गेल्या वर्षीचा कूलर, ओल आलेल्या भिंतीजवळची गादी आणि धान्याची पोती त्याच्या खोलीतून हलवून ठेवा. धान्य पाखडायचं असेल तेही आधीच उरकून घ्या.